राणी हुआनाचे ‘वेड’ : आख्यायिका, पुरावे आणि उरलेले प्रश्न

स्पेनमधील तोर्देसियास हे दुएरो नदीकाठचे छोटे गाव आपल्याला माहीत असते ते एका तहामुळे. ७ जून १४९४ रोजी इथे कास्तील आणि पोर्तुगाल या राज्यांनी तोवर पुरते न पाहिलेले समुद्र आपापसांत वाटून घेतले. पूर्वेकडचा मार्ग पोर्तुगालच्या वाट्याला गेला आणि त्यानंतर सोळा वर्षांनी गोवाही. त्याच गावातल्या राजवाड्यात पुढे १५०९ ते १५५५ अशी ४६ वर्षे एक राणी बंदिवासात होती. कास्तीलची ती कायदेशीर राणी होती. १५१६पासून राज्य तिचा मुलगा करत होता, पण राजपत्रांवर दोघांची नावे असत आणि त्यात पहिले नाव तिचे असे. तिचे नाव हुआना. इतिहासात मात्र ती ‘हुआना ला लोका’, म्हणजे वेडी हुआना, म्हणूनच राहिली.

ती खरोखर वेडी होती का, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. पतीवरच्या प्रेमाने आणि मत्सराने तिचे भान हरपले, असे कुणी म्हणतो. बाप, नवरा आणि मुलगा या तिघांनी मिळून एका शहाण्या बाईला वेडी ठरवले, असे दुसरा म्हणतो. तिसरा आजच्या मानसोपचारशास्त्राची परिभाषा वापरून तिच्या आजाराला नाव देतो. या आढाव्यात या भूमिका, त्यांच्यामागचे पुरावे आणि अजून न मिटलेले मुद्दे क्रमाने मांडायचे आहेत.

आरंभीच एक भेद करायला हवा, कारण बहुतेक गोंधळ तो न केल्यामुळे झाला आहे. ‘हुआना वेडी होती का?’ या एका प्रश्नात खरे तर तीन प्रश्न आहेत. तिला मानसिक आजार होता का, हा पहिला. ती राज्य करण्यास असमर्थ होती का, हा दुसरा. आणि तिला कोंडून ठेवण्याचे कारण तिचा आजार होता का, हा तिसरा. या तिन्हींचे पुरावे वेगळे आहेत, आणि उत्तरेही.

पार्श्वभूमी : वारसा चालून आला

हुआनाचा जन्म ६ नोव्हेंबर १४७९ रोजी तोलेदो येथे झाला. कास्तीलची राणी इसाबेला आणि आरागॉनचा राजा फर्नांडो यांचे हे तिसरे अपत्य. तिच्या वाट्याला राज्य येईल अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. तिला उत्तम शिक्षण मिळाले होते. हुआन लुईस विवेस या विद्वानाने लिहून ठेवले आहे, की फ्लँडर्समधल्या शहरांनी लॅटिन भाषेत केलेल्या स्वागताच्या भाषणांना ती तिथल्या तिथे लॅटिनमध्येच उत्तरे देत असे.

१४९६ साली तिचा विवाह सम्राट मॅक्सिमिलियनचा मुलगा आणि नेदरलँड्सचा शासक फिलिप याच्याशी झाला. हाच पुढे ‘देखणा फिलिप’ म्हणून प्रसिद्ध झाला. फ्रान्सला दोन्ही बाजूंनी शह देण्यासाठी जुळवलेला हा संबंध होता. मग चार वर्षांत तीन मृत्यूंनी सगळी गणिते बदलली. १४९७मध्ये हुआनाचा एकुलता एक भाऊ हुआन वारला. १४९८मध्ये थोरली बहीण बाळंतपणात गेली आणि १५००मध्ये त्या बहिणीचा तान्हा मुलगाही दगावला. माहेराहून दूर, परक्या दरबारात राहणारी विशीतली हुआना एकाएकी कास्तील आणि आरागॉन या दोन्ही राज्यांची वारस ठरली.

त्या दरबारात तिच्या हाती फारशी सत्ता नव्हती. १४९८मध्ये इसाबेलाने मुलीची खुशाली पाहायला तोमास दे मातिएन्सो या धर्मोपदेशकाला पाठवले. धर्माचरणात ती ढिली पडली असल्याची शंका त्याने कळवली. तिच्या हाताशी पैसा नाही आणि घरातला कारभार फिलिपच्या माणसांच्या हाती आहे, हेही कळवले. लोककथेने यातली पहिली गोष्ट उचलली आणि दुसरी सोडून दिली. अलीकडच्या संशोधनाने या दुसऱ्या गोष्टीला मोठे महत्त्व दिले आहे. स्वतःचे सेवक नेमण्याचा आणि त्यांना पगार देण्याचा अधिकार नसलेल्या राणीजवळ तिची बाजू मांडणारे माणूस उरत नाही.

संशयाचा उगम : १५०३ ते १५०५

तिच्या वागण्याविषयीच्या गंभीर नोंदी १५०३पासून सुरू होतात. वारस म्हणून शपथ घ्यायला पतिपत्नी स्पेनला आली होती. डिसेंबर १५०२मध्ये फिलिप गरोदर हुआनाला मागे ठेवून परतला. मार्च १५०३मध्ये तिला मुलगा झाला. त्यानंतर पतीकडे जाण्याचा तिचा हट्ट आईने मानला नाही. त्या नोव्हेंबरात मेदिना देल काम्पो गावच्या ला मोता किल्ल्यातून बाहेर पडण्यासाठी तिने आकांत केला. दरवाजे बंद झाल्यावर ती आत यायला तयार होईना आणि थंडीत उघड्यावरच राहिली. आजारी इसाबेलाला तिची समजूत घालायला सेगोव्हियाहून यावे लागले. ही घटना घडली, याबद्दल वाद नाही. वाद अर्थाचा आहे. कुणाला त्यात आजाराचे पहिले लक्षण दिसते. नवरा आणि तीन मुले दूरदेशी असताना अडवून ठेवलेल्या बाईचा तो संताप होता, असे दुसरे म्हणतात.

१५०४मध्ये ती परतली, तेव्हा फिलिपचे दुसरीवर मन बसल्याचे तिला कळले. त्या स्त्रीवर तिने हात टाकला, तिचे केस कापवले, अशी हकिगत पीटर मार्टिर या स्पॅनिश दरबारातल्या इटालियन विद्वानाच्या पत्रांतून येते. फिलिपने मार्तिन दे मोशिका या आपल्या माणसाकडून तिच्या वागण्याची रोजनिशी लिहवून घेतली. ती स्पेनला पोहोचली आणि सासऱ्याच्याच कामी आली. २६ नोव्हेंबर १५०४ रोजी इसाबेला वारली. हुआना राज्यात नसेल, किंवा राज्यकारभार पाहण्याची तिची इच्छा वा क्षमता नसेल, तर फर्नांडोने कारभार पाहावा, असे कलम तिने मृत्युपत्रात घातले होते. जानेवारी १५०५मध्ये तोरो येथील प्रतिनिधिसभेपुढे हे कलम आणि मोशिकाच्या नोंदी ठेवल्या गेल्या, आणि कारभार फर्नांडोकडे आला.

स्वतः हुआनाने मे १५०५मध्ये लिहिलेले म्हणून एक पत्र उपलब्ध आहे. आपल्या हातून रागाच्या भरात काही घडले असेल, तर त्याचे कारण मत्सर हेच होते. आपल्या आईलाही ही भावना अनोळखी नव्हती आणि काळाने तिचा राग शमला, तसा आपलाही शमेल, असा त्याचा आशय आहे. वेडाचा आरोप ठाऊक असलेल्या, त्याला तर्कशुद्ध उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे हे पत्र वाटते. मात्र ते तिने स्वखुशीने लिहिले की फर्नांडोला शह देण्यासाठी फिलिपच्या माणसांनी लिहवून घेतले, यावर एकमत नाही. हुआनाच्या बाबतीत प्रत्येक कागद असा दुधारी निघतो.

सासरा, जावई आणि करार

१५०६च्या उन्हाळ्यातला घटनाक्रम या वादात सर्वांत महत्त्वाचा आहे. एप्रिलमध्ये फिलिप आणि हुआना स्पेनच्या किनाऱ्यावर उतरली. कास्तीलचे बरेच सरदार फिलिपकडे वळले. २७ जून रोजी व्हियाफाफिला येथे सासरा आणि जावई यांच्यात करार झाला. हुआनाच्या काही व्याधी आणि विकार आहेत, सभ्यतेपोटी त्यांचा उच्चार करत नाही, पण त्यांमुळे तिला राज्यकारभारापासून दूर ठेवावे, असे दोघांनी मान्य केले. त्याच दिवशी फर्नांडोने गुप्त निवेदन नोंदवले, की आपण ही सही दबावाखाली केली असून मुलीचा हक्क हिरावला जाणे आपल्याला मान्य नाही. एकाच माणसाने एकाच दिवशी मुलीच्या असमर्थतेला संमती दिली आणि ती नाकारलीही.

पुढच्याच महिन्यात फिलिपने हुआनाला अधिकृतपणे असमर्थ ठरवून घेण्याचा प्रयत्न केला. कास्तीलचा नौदलप्रमुख फाद्रिके एन्रिकेस याने सही करण्याआधी राणीला स्वतः भेटण्याचा आग्रह धरला. मुसिएन्तेस येथे तो तिच्याशी बराच वेळ बोलला, आणि तिच्या बोलण्यात आपल्याला काही विसंगत आढळले नाही असे त्याने सांगितले. वायादोलिदच्या प्रतिनिधिसभेने तिला असमर्थ ठरवायला नकार देऊन राणी म्हणूनच शपथ दिली. तिच्या आयुष्यात तिच्या क्षमतेची खुली तपासणी म्हणावी अशी ही बहुधा एकच घटना. तिचा निकाल हुआनाच्या बाजूने लागला.

२५ सप्टेंबर १५०६ रोजी बुर्गोस येथे फिलिप अल्प आजाराने वारला. आता राज्य करायला हुआना मोकळी होती, पण ती बहुतेक कागदांवर सही करीना. हा तिच्या असमर्थतेचा सर्वांत भक्कम पुरावा मानला जातो. त्याच काळात, डिसेंबर १५०६मध्ये, तिने एक हुकूम मात्र काढला. आईच्या मृत्यूनंतर फिलिपने वाटलेली इनामे आणि देणग्या तिने रद्द केल्या. राजकीयदृष्ट्या हा हुकूम नेमका आणि धाडसी होता. बाकी कागदांवर सही न करणे हे खचलेपण होते, की कुणाच्याही हातचे बाहुले न होण्याचा निश्चय होता, हा प्रश्न इथून पुढे सतत येत राहतो.

शवपेटीची कथा

हुआनाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभे राहते ते एकच चित्र : हिवाळ्यातली रात्र, मशाली, आणि पतीची शवपेटी घेऊन देशभर भटकणारी राणी. ती पेटी पुन्हा पुन्हा उघडते, मृताला कवटाळते, तो उठेल म्हणून वाट पाहते आणि मत्सरापोटी कोणत्याही स्त्रीला पेटीजवळ येऊ देत नाही. या कथेतले प्रत्येक सूत वेगळे करून पाहावे लागते.

शवपेटी उघडली गेली, हे खरे. मिराफ्लोरेसच्या मठातून पेटी हलवताना ती इतरांच्या देखत उघडली गेली, आणि मार्टिर तिथे हजर होता. पण त्याला कारण होते. फिलिपचे हृदय काढून फ्लँडर्सला पाठवण्यात आले होते आणि त्याचे लोक देहही पळवतील, अशी वदंता होती. देह जागेवर आहे याची साक्षीदारांसमोर खात्री करून घेणे हे वेडाचे लक्षण म्हणता येत नाही.

प्रवासही खरा, पण तो देशभर झाला नाही. २० डिसेंबर १५०६ रोजी ती ग्रानादाच्या दिशेने निघाली. तिची आई तिथे पुरलेली होती आणि फिलिपचे दफनही तिथेच व्हायचे होते. तिला दिवस भरत आले होते. तोर्केमादा गावी १४ जानेवारी १५०७ रोजी तिला सहावे अपत्य, मुलगी कातालिना, झाली. त्या वर्षी कास्तीलमध्ये प्लेगने थैमान घातले होते. पुढची सुमारे दोन वर्षे तिचा मुक्काम ओर्निय्योस, तोर्तोलेस, आर्कोस अशा मोजक्या गावी होता आणि ती सगळी बुर्गोस-वायादोलिद परिसरातलीच. तिच्यापाशी शवपेटी होती, पण अखंड भटकंती नव्हती.

मृत राजा पुन्हा जिवंत होईल, ही तिची आशा आणि स्त्रियांना पेटीपासून दूर ठेवणे, या दोन्ही गोष्टी मुख्यतः मार्टिरच्या पत्रांतून येतात. तो प्रत्यक्षदर्शी होता, म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही. तो उत्तम शैलीचा लेखक होता आणि त्याची निष्ठा फर्नांडोवर होती, हेही विसरता येत नाही. दफन लांबवण्यामागे राजकीय हेतू असावा, असे काही अभ्यासक सुचवतात. सत्तावीस वर्षांच्या विधवा राणीचे दुसरे लग्न लावण्याचे बेत लगेच सुरू झाले होते. इंग्लंडचा सातवा हेन्री हाही एक इच्छुक होता. नवे लग्न म्हणजे थोरला मुलगा कार्लोस याच्या वारशाला धोका. पतीचे दफन झालेले नाही तोवर ती शोकात आहे, आणि शोकात आहे तोवर लग्न नाही. हा युक्तिवाद आकर्षक आहे, पण तिच्या स्वतःच्या शब्दांत त्याला आधार सापडलेला नाही.

तोर्देसियासची ४६ वर्षे

ऑगस्ट १५०७मध्ये फर्नांडो कास्तीलमध्ये परतला. फेब्रुवारी १५०९मध्ये त्याने मुलीला तोर्देसियासच्या राजवाड्यात नेऊन ठेवले. फिलिपची शवपेटी शेजारच्या सांता क्लारा मठात राहिली. तिथे हुआना अन्न नाकारी, कपडे बदलण्यास आणि प्रार्थनेला जाण्यास नकार देई, अशा नोंदी सातत्याने आढळतात. १५१६मध्ये फर्नांडो वारला, तेव्हा तिचा पहारेकरी लुईस फेरेर याने लिहिलेल्या पत्रात, तिचा जीव वाचवण्यासाठी तिला ‘दोर द्यावा’ लागला, अशा अर्थाचा एक स्पॅनिश वाक्प्रचार आहे. एका अभ्यासकाने त्याचा अर्थ दोराने केलेला छळ असा लावला. तिच्या कलाने घ्यावे लागले, एवढाच त्याचा अर्थ आहे, असे इतरांचे म्हणणे. दोन शब्दांवर एका राणीच्या छळाचा निवाडा अडून राहिला आहे.

१५१८पासून देनियाचा मार्क्विस तिचा पहारेकरी झाला. त्याचा कार्लोसशी झालेला पत्रव्यवहार अस्वस्थ करणारा आहे. बाहेरच्या माणसांशी तिचे बोलणे होऊ नये, अशी काटेकोर व्यवस्था होती. तिचे वडील वारल्याचे तिच्यापासून लपवले गेले आणि ते हयात असल्याचे तिला सांगितले जाई. ज्या बाईला जगाचे खोटे चित्र पद्धतशीरपणे दाखवले जाते, तिला वास्तवाचे भान नाही असा शेरा मारणे कितपत न्याय्य आहे?

धाकटी कातालिना आईबरोबर याच वाड्यात वाढली. १५१८मध्ये कार्लोसच्या माणसांनी भिंतीला भोक पाडून तिला गुपचूप बाहेर काढले. हुआनाने अन्नपाणी सोडले आणि मुलगी परत आणावी लागली. १५२१मध्ये चौदा वर्षांच्या कातालिनाने भावाला पत्र लिहून देनिया कुटुंबाच्या वागणुकीची तक्रार केली. आईला नदीकडच्या सज्जात फिरू द्यावे, उजेड नसलेल्या खोलीत कोंडू नये, अशी विनवणी तिने केली होती. हुआनाच्या स्थितीबद्दलची ही सर्वांत जवळची साक्ष आहे.

या मुलीचा आपल्या इतिहासाशी थेट संबंध आहे. १५२५मध्ये पोर्तुगालच्या तिसऱ्या जॉनशी तिचे लग्न झाले आणि ती राणी कातारिना झाली. पती गेल्यावर १५५७ ते १५६२ या काळात तिने नातू सेबास्तियनच्या वतीने कारभार पाहिला. गोव्यात १५६०मध्ये इन्क्विझिशन सुरू झाले ते तिच्याच कारकिर्दीत. तोर्देसियासच्या कोंडवाड्यातून निघालेला एक धागा मांडवीच्या काठापर्यंत असा येतो.

१५२० : बोलण्याची एक संधी

कार्लोसच्या परदेशी सल्लागारांविरुद्ध १५२०मध्ये कास्तीलच्या शहरांनी बंड केले. त्याला ‘कोमुनेरोंचे बंड’ म्हणतात. बंडखोरांनी तोर्देसियास गाठले, देनियाला हटवले आणि राणीला सगळी हकिगत सांगितली. वडील गेल्याला चार वर्षे झाल्याचे तिला तेव्हा खात्रीने कळले. २४ सप्टेंबर रोजी तिने प्रतिनिधींसमोर भाषण केले. त्याची नोंद उपलब्ध आहे आणि ते भाषण सुसंगत आहे. राणी पूर्वीइतकीच शहाणी आहे आणि चौदा वर्षे तिला अन्यायाने कोंडले, असे तिचे नोकरचाकर सांगतात, हे कार्लोसचा प्रतिनिधी कार्डिनल एड्रियन यानेच त्याला कळवले.

बंडखोरांना मात्र हवी होती ती सही मिळाली नाही. ती सही झाली असती तर कार्लोसचे राज्य धोक्यात आले असते. तिने महिनोन्महिने टाळाटाळ केली. ५ डिसेंबर १५२० रोजी राजनिष्ठ सैन्याने गाव परत जिंकले आणि देनिया पुन्हा रुजू झाला. इथेही अर्थ दोन निघतात. निर्णय घेण्याची शक्तीच तिच्यात उरली नव्हती, असे काही म्हणतात. मुलाच्या वारशावर घाव घालायचा नाही, हाच तिचा निर्णय होता, असे इतर म्हणतात.

उतारवयातले पुरावे अधिक स्पष्ट आहेत. १५५०च्या दशकात तिला भेटलेल्या धर्मोपदेशकांना तिने सांगितले, की आपल्याभोवतीच्या बायका चेटकिणी आहेत, त्या आपल्या प्रार्थनेत विघ्न आणतात. एका जवादी मांजराने आपल्या माणसांना खाल्ल्याचेही ती बोलली. या नोंदींचा राजकीय उपयोग तोवर फारसा उरला नव्हता, म्हणून त्यांचे वजन जास्त. १२ एप्रिल १५५५ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, वयाच्या ७५व्या वर्षी ती गेली.

दंतकथा कशी रुजली

आज प्रसिद्ध असलेली हुआना बरीचशी एकोणिसाव्या शतकाने घडवली. १८५५मध्ये मानुएल तामायो इ बाउस याचे ‘ला लोकुरा दे आमोर’, म्हणजे ‘प्रेमाचे वेड’, हे नाटक रंगभूमीवर आले. १८७७मध्ये फ्रान्सिस्को प्रादिया याने शवपेटीपाशी उभ्या हुआनाचे भव्य तैलचित्र काढले. ते आता माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, आणि शवपेटीच्या कथेला चेहरा दिला तो याच चित्राने. १९४८ आणि २००१ साली तिच्यावर स्पॅनिश चित्रपट निघाले.

मराठी वाचकाला ही जडणघडण लवकर उमगेल. ‘वेड’ या आपल्या शब्दातही दोन अर्थ एकत्र नांदतात. एखाद्याला गाण्याचे वेड असते आणि एखाद्याला वेड लागलेले असते. प्रेमाच्या वेडापासून बुद्धिभ्रंशापर्यंतचे अंतर भाषा एका शब्दात ओलांडून जाते. नाटककार आणि चित्रकारांनी हुआनाच्या बाबतीत नेमके हेच केले. तिच्या समकालीनांनी कागदोपत्री ‘व्याधी’, ‘विकार’ असे मोघम शब्द वापरले होते. कलावंतांनी त्यांना एक सुबक कारण दिले.

अभ्यासकांच्या चार भूमिका

*पहिली, छळाची बळी.* गुस्ताव्ह बर्गेनरोथ या जर्मन अभ्यासकाने सिमान्कासच्या दप्तरखान्यातली गुप्त पत्रे शोधून १८६८मध्ये प्रसिद्ध केली. हुआना वेडी नव्हती, चर्चविरोधी मतांमुळे तिला कोंडून छळले, असा त्याचा निष्कर्ष होता. देनियाच्या काळातली फसवणूक उजेडात आणल्याचे श्रेय त्याचे. पाखंडाचा त्याचा सिद्धान्त मात्र टिकला नाही. धर्मविधी टाळणे आणि वेगळे धर्ममत असणे या एकच गोष्टी नाहीत.

*दुसरी, प्रेमवेड.* आन्तोनियो रोद्रिगेस विया याने १८९२मध्ये विपुल कागदपत्रांसह तिचे चरित्र लिहिले. बर्गेनरोथला उत्तर देत त्याने पतिप्रेम आणि मत्सर हेच तिच्या वेडाचे मूळ ठरवले. त्याचे दस्तऐवज आजही उपयोगी आहेत; कारणमीमांसा मात्र त्या शतकाच्या अभिरुचीला धरून आहे.

*तिसरी, वैद्यकीय निदान.* लुडविग फांडल याने १९३०मध्ये तिला छिन्नमनस्कता असल्याचे मांडले. इतरांनी तीव्र नैराश्य, विषण्णता अशी निदाने केली. मानुएल फेर्नांडेस आल्वारेस याने २०००मधील चरित्रात तिला नैराश्याने ग्रासलेली बंदिनी म्हणून पाहिले. आनुवंशिकतेचा मुद्दाही येतो. तिची आजी, पोर्तुगालची इसाबेल, अनेक वर्षे मनोविकाराने पीडित होती आणि पणतू डॉन कार्लोस याचा अंतही बंदिवासात झाला. दुसऱ्या बाजूला हुआनाची सहाही मुले सम्राट किंवा राण्या झाली आणि त्यांपैकी कुणालाही वेडे म्हटले गेले नाही.

*चौथी, सत्तेचा व्यवहार.* बेथनी अराम यांनी २००१ आणि २००५मधील ग्रंथांत प्रश्नच बदलला. हुआना वेडी होती का, यापेक्षा तिची सत्ता कुणी, कशी वापरली, हे त्यांनी पाहिले. घरातल्या नोकरवर्गावर ताबा नसणे, एकांत आणि उपासना यांची त्या काळच्या विधवाधर्मातली जागा, आणि मुलाचा वारसा जपण्याची धडपड, या अंगांनी त्यांनी तिचे वागणे उलगडले. मिगेल आन्खेल सालामा यांनी तोर्देसियासमधले दैनंदिन जीवन तपासले. जिलियन फ्लेमिंग यांनी २०१८मध्ये राज्याच्या वैधतेचा झगडा मध्यवर्ती मानून तिच्या प्रतिकाराकडे लक्ष वेधले. या भूमिकेवरचा रास्त आक्षेप असा, की प्रत्येक विचित्र कृतीला डावपेच मानले, तर तिचे खरे दुःख आणि आजार नजरेआड होतात.

पुराव्याची अडचण

मोशिका फिलिपचा नोकर, फेरेर फर्नांडोचा, देनिया कार्लोसचा. तिच्या वागण्याची दखल घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पोळी तिच्या असमर्थतेवर भाजत होती. ती शहाणी असल्याची ग्वाही देणारेही निःस्वार्थ नव्हते. नौदलप्रमुखाला फिलिपची सत्ता नको होती, बंडखोरांना राणीची सही हवी होती. तिचे स्वतःचे शब्द थोडेच उरले आहेत.

आणखी एक अडचण कार्यकारणाची आहे. बंदिवास, एकटेपणा आणि फसवणूक यांनी धडधाकट माणसाचेही मन मोडते. १५५४ची हुआना पाहून १५०५च्या हुआनाचे निदान करणे म्हणजे परिणामावरून कारण ठरवणे. आजच्या कायद्यांनीही हा भेद मान्य केला आहे. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार केवळ आजाराचे निदान झाले म्हणून कुणाला विकल मनाचे मानता येत नाही. ते सक्षम न्यायालयाने ठरवावे लागते.

काय अजून अनिर्णित आहे

काही प्रश्न खुलेच आहेत. फिलिपच्या मृत्यूनंतर राज्य हाती घेण्याची तिची खरोखर इच्छा होती का? १५२०मध्ये सही नाकारणे हा विचारपूर्वक निर्णय होता का? फेरेरच्या पत्रातल्या ‘दोरा’चा अर्थ काय? १५०५चे पत्र कितपत तिचे स्वतःचे? नवा कागद सापडल्याखेरीज यांची ठाम उत्तरे मिळणे कठीण आहे, आणि पाचशे वर्षांपलीकडच्या व्यक्तीचे मानसोपचारशास्त्रीय निदान तर कधीच पक्के होणार नाही.

तरीही आरंभीच्या तीन प्रश्नांबद्दल आज एवढे म्हणता येते. तिला मानसिक त्रास होता, हे बहुतेक अभ्यासक मानतात. उतारवयात तो गंभीर होता, तरुणपणी त्याचे स्वरूप काय होते हे अनिश्चित आहे. ती राज्य करण्यास असमर्थ आहे, हे १५०६च्या सभेने तपासूनही मान्य केले नाही. त्यानंतर तशी खुली तपासणी तिच्या वाट्याला आली नाही. आणि तिच्या बंदिवासाचे कारण तिचा आजार होता, या दाव्याला पुराव्यांचा आधार सर्वांत कमी आहे. ती शुद्धीवर असती तरी तिची सही तीन पुरुषांना अडचणीची होती, हे त्यांच्याच पत्रांतून दिसते. ‘वेडी’ हे बिरुद या तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर देते, म्हणून ते इतिहासलेखनात वापरणे आता थांबवायला हवे. तिचे नाव हुआना पहिली, कास्तील आणि आरागॉनची राणी, असे लिहिणे वस्तुस्थितीला धरून आहे.

फिलिपची शवपेटी १५२५मध्ये तोर्देसियासहून ग्रानादाला नेण्यात आली. हुआनाचा देह १५७४मध्ये तिथल्या राजघराण्याच्या चॅपेलमध्ये त्याच्याशेजारी विसावला. डिसेंबर १५०६च्या थंडीत ती शवपेटी घेऊन ज्या गावाला निघाली होती, ते गाव ग्रानादाच होते.